भागूबाईची सकाळ

भागूबाईची सकाळ दुपारी उगवते, असं पाताळगंगेच्या काठावरच्या त्या गावात सगळे म्हणायचे. पहिल्यांदा म्हणाली ती तिची थोरली जाऊ चंद्राबाई. मग भातलावणीच्या रांगेतल्या बायका म्हणू लागल्या, मग त्यांचे नवरे. आणि पुढे पुढे भागूबाई स्वतःही तसंच मानू लागली. लोकांनी म्हटलेलं पावसाच्या पाण्यासारखं वाहून जातं. आपण मानलेलं मात्र मुरतं.

लग्न होऊन ती आली ते एकोणसाठ साल. अंगाने शेलाटी, हाडाने काटक, आणि हात असे की माहेरी बाप म्हणायचा, "माझी पोर भात लावत नाय, जमिनीला टाके घालते." सासरी सासू-सासरे नव्हते. नवरा सहदेव, थोरला दीर मालोजी, आणि चंद्राबाई. घराच्या किल्ल्या चंद्राबाईच्या कमरेला नसल्या तरी जिभेवर होत्या. घरात काय शिजायचं, कोणी कुठे जायचं, कोण कामाचं आणि कोण बिनकामाचं, सगळं तिथूनच सुटायचं.

त्या गावात मजूर लावायची रीत नव्हती. सावड होती. आज तुझ्या खाचरात आम्ही, उद्या आमच्या खाचरात तू. कोणाच्या घरून किती माणसं आली ते कोणी लिहून ठेवत नसे. धोंडी म्हातारा डोक्यावर इरलं घेऊन बांधावर उभा राहायचा आणि खणखणीत आवाजात बोलायचा, "मालोजीच्या घरचे चार हात हजर!" हात म्हणजे माणूस. आणि हे हात मोजले जायचे उजाडताना, राबावर. राब म्हणजे भाजून तयार केलेल्या जमिनीवरचा रोपांचा तुकडा. भल्या सकाळी तिथली रोपं मूठमूठभर धरून उपटायची, मुळांचा चिखल पायावर आपटून झाडायचा, जुडी बांधून मागे टाकायची. दिवस वर आला की त्याच जुड्या खाचरात नेऊन लावायच्या. सकाळी राबावर जो मागे पडला, त्याचा हात अर्धा. मग दुपारी तो डोंगर का उचलेना!

लग्नानंतरचे दोन पावसाळे भागूचा हात पुरा होता. तिसऱ्या आषाढात एका सकाळी तिने रोपांची मूठ धरली आणि मूठ मिटलीच नाही. बोटं होती, पण आपली नव्हती. कोणा परक्याची बोटं रात्रीतून आपल्या मनगटाला बांधून गेलंय कोणी, असं तिला वाटलं. पेरांवर सूज होती, चिखलाच्या गार पाण्यातसुद्धा ती पेरं गरम लागत होती.

"काय गं भागे, रोपं उपटतेस का गोंजारतेस?" पलीकडून चंद्राबाई.

"मूठच मिटत नाय, जाऊबाई."

"जेवताना मिटते ती?"

रांग खदखदली. शेजारची पारूबाई तर वाकल्या वाकल्या म्हणाली, "सोड गं चंद्रा, नवी नवती हाय. रातीचा जागर झाला असंल." पुन्हा हशा. भागूचे कान तापले. तिने दातांनी जुडीची गाठ आवळली, तळव्यांच्या चिमट्यात रोपं धरून ओढली. निम्मी मुळापाशी तुटली.

आणि दुपारी? भाकरी खाऊन खाचरात उतरली तेव्हा बोटं एकेक करून परत आली होती. रुसलेली पोरं जेवायला येतात तशी, मान खाली घालून. भागू अशी सुटली की पारूबाईची ओळ मागे, चंद्राबाईची ओळ मागे. सकाळचं सगळं फेडायचं म्हणून ती वाऱ्यासारखी लावत सुटली. चंद्राबाईने कंबर सरळ केली, हात कमरेवर ठेवले.

"बघा, बायांनो! उजाडताना पांगळी आणि भाकर पोटात गेली की वाघीण! हिची सकाळ दुपारी उगवते."

संध्याकाळी धोंडी म्हातारा बांधावरून बोलला, "मालोजीच्या घरचे आज साडेतीन."

त्या साडेतीनने घरात चूल नीट पेटू दिली नाही. उरलेला अर्धा हात कोणीतरी भरून द्यायलाच हवा होता, नाहीतर उद्या आपल्या खाचरात लोक अर्ध्या मनाने येतील. तो चंद्राबाईने भरला. सगळे घरी गेल्यावर ती पारूबाईच्या, त्या दिवशीच्या सावडीच्या खाचरात गुडघाभर चिखलात उतरली आणि दिसेनासं होईपर्यंत लावत राहिली. चंद्राबाई वाईट बाई नव्हती. घराची मान खाली जाऊ नये, एवढंच तिला कळत होतं, आणि तेवढ्यासाठी ती कोणालाही बोलू शकत होती.

पहिल्यांदा तिने औषधही केलं. निरगुडीचा पाला उकळून वाफ दिली. मग बिब्बा. पेरांवर बिब्ब्याचे चटके घेताना भागूने पदराचा बोळा तोंडात धरला. चट्टे उठले, खपल्या पडल्या, पेरांवर काळे डाग कायमचे राहिले. सकाळ मात्र होती तशीच.

"बिब्ब्यानं वात जातो," चंद्राबाई म्हणाली. "आळस जात नाय."

भागूला तरी दुसरं काय वाटणार? ताप नाही, जखम नाही. दुपारी हात धड. खरं दुखणं असतं तर ते दुपारी कुठे गेलं असतं? मोडलेला पाय सकाळी मोडलेला आणि दुपारी सांधलेला असतो का? तिने मनाशी ठरवून टाकलं की आपल्या आत कुठेतरी कामचुकार बाई बसली आहे. तिला आपणच मारायची.

म्हणून ती सगळ्यांच्या आधी उठू लागली. कोंबडाही झोपलेला असायचा. पायांनी दार ढकलून ती चुलीपाशी जायची आणि रात्रीच्या ऊबदार राखेत दोन्ही हात मनगटापर्यंत खुपसून बसायची. राखेत बोटं हळूहळू हलवायची. सुरुवातीला ठणकायची, मग कुरकुरायची, मग थोडी वाकायची. चंद्राबाई उठेपर्यंत भागू हात धुऊन भाकरीचं पीठ मळत असायची. ऊब धरून राहिलेले हात आणि चेहऱ्यावर काही झालंच नाही असा भाव. हे नाटक तिने इतकी वर्षं इतकं चोख वठवलं, की पुढे ते तिचं तिलाही नाटक वाटेना.

एकदा सहदेवने पाहिलं. तांब्या घ्यायला म्हणून तो चुलीशी आला तर ही राखेत हात घालून बसलेली. "काय करतेस गं?" "विस्तव बघतेय," ती म्हणाली. तो उभा राहिला, तिच्या हातांकडे बघितलं, तांब्या घेतला आणि गेला.

मग भागूला दिवस गेले, आणि एक नवल घडलं. हात बरे झाले. नुसते बरे नाही, माहेरचे हात परत आले. पोट पुढे आलेलं, पाय सुजलेले, पण सकाळी उठली की बोटं मोकळी. सातव्या महिन्यात तिने राबावर पारूबाईला मागे टाकलं. आता तरी जाऊबाई चांगलं बोलतील, म्हणून तिने वळून पाहिलं. चंद्राबाई डोळे बारीक करून बघत होती.

"म्हंजे जमतं की! पोटात पोर घेऊन जमतं, मग रिकाम्या पोटी काय धाड भरत व्हती?"

भागूला जाऊबाईचं पटलं, हेच तर वाईट झालं. कान्हा जन्मला, बाळंतपणाचे दिवस सरले, आणि सकाळ पुन्हा लाकडाची झाली. आता तर मनगटंही धरू लागली. बाळाला उचलताना ती कोपरांत धरायची. रात्री अंग मोडून यायचं, कधी कणकण. आता घरात पुरावाच होता, आणि तो तिने स्वतःच दिला होता: मनात आलं की हिचे हात चालतात.

पुढे मोहोपाड्याच्या बाजूला कारखाने उभे राहिले आणि गावची निम्मी तरणी माणसं सायकली घेऊन तिकडे वळली. सहदेवही एका कारखान्यात लागला. कारखान्याला दवाखाना होता, कामगारांच्या बायकापोरांनाही तिथे दाखवता येई. भागूच्या उजव्या हाताची मधली बोटं तोपर्यंत कायमची फुगली होती. सहदेव म्हणाला, "चल, दाखवू. फुकट हाय."

दवाखान्यात बाकावर त्यांच्या पुढे एक कामगार होता. आत गेला तेव्हा दार उघडंच राहिलं, सगळं बाहेर ऐकू येत होतं.

"पाठ दुखते? शिमग्याच्या तोंडावरच कशी दुखते रे तुझी पाठ?"

"साहेब, खरंच..."

"ऊठ. ढोंगावर माझ्याकडे औषध नाही. पुढचा कोण?"

पुढची भागू होती. 'ढोंग' हा शब्द तिच्या आधी आत जाऊन बसला होता.

डॉक्टर पन्नाशीचे, चष्म्यावरून बघणारे. पण बाईमाणूस बघून आवाज खाली आणला. तिचे हात हातात घेतले, एकेक पेर दाबलं. डाव्या हाताचं दाबलं तर डावा, उजव्याचं दाबलं तर उजवा, दोन्ही खांदे सारखेच आक्रसले. डॉक्टरांनी मान वर केली.

"सकाळी उठल्यावर बोटं आखडलेली असतात का? मोकळी व्हायला वेळ लागतो?"

इतकी वर्षं कोणी विचारलं नव्हतं ते एक माणूस विचारत होता. नेमकं तेच. पण भागूला त्यात प्रश्न ऐकूच आला नाही. तिला ऐकू आली राबावरची रांग, पारूबाईचं हसू, धोंडी म्हाताऱ्याचं साडेतीन. इथवर पोचलं! कारखान्यापर्यंत पोचलं! तिने हात मागे ओढले.

"नाय डागतरसाहेब! सकाळी मी सगळ्यांच्या आधी उठते. भाकऱ्या थापते, पाणी आणते. सकाळचं काय बी नाय."

"काहीच नाही?"

"काय नाय."

डॉक्टरांनी सहदेवकडे पाहिलं. सहदेव मांडीवरच्या टोपीची घडी घालत होता. ती घडी त्याने उलगडली आणि पुन्हा घातली.

"व्हय साहेब," तो म्हणाला. "लवकर उठते ती."

दोघांचा शब्द न् शब्द खरा होता, आणि सगळं मिळून खोटं होतं.

"मग हे कामाने आहे," डॉक्टर म्हणाले. "पाण्यातलं काम कमी करा. दुखेल तेव्हा गोळी घ्या."

बाहेर आल्यावर सहदेवने सायकलची घंटी उगाच वाजवली. "बरं बोललीस," तो म्हणाला. "उद्या मला रजा मागायची झाली, तर बायको आळशी म्हणून आधीच कानावर नको." त्याने तिला कॅरिअरवर बसवलं. वाऱ्याने पदर उडत होता आणि भागूला खरोखर हलकं वाटत होतं. आपण वाचलो, अब्रू राखली. त्या दिवसाइतकी खूश ती कान्हा झाला तेव्हासुद्धा नव्हती, असं तिने पुढे एकदा सांगितलं. आणि सांगताना तिचा चेहरा असा झाला होता, की ऐकणाऱ्याने दुसरीकडे बघावं.

त्यानंतरची वर्षं बोटांवर लिहिली गेली. लोंबीला आलेलं भात एका वाऱ्याने एका अंगाला कलतं, तशी दोन्ही हातांची बोटं करंगळीकडे कलली. बांगड्या भरायला चिंधी कासारीण यायची. एका श्रावणात तिने सगळी युक्ती केली, तेल लावलं, साबण लावला, बांगडी काही पेरांवरून पुढे जाईना. एक फुटली, दुसरी फुटली.

"वैनी, हात मऊ सोडा की."

"मऊच सोडलाय गं बाई."

चिंधी थांबली. तिने तो हात आपल्या मांडीवर ठेवला आणि बराच वेळ नुसता कुरवाळला. त्यानंतर भागूने बांगड्या भरल्या नाहीत. दोऱ्यात ओवलेले काळे मणी मनगटाला बांधून घेतले. लावणीच्या दिवसांत ती बांधावर बसून रांगेसाठी चहा करायची. 'अर्धा हात' जाऊन कोणी तिला 'चहाचा हात' म्हणू लागलं. आणि मग रांगच संपली. साजगाव, खोपोली, मोहोपाडा, जिकडे तिकडे कारखान्यांचे भोंगे झाले. ज्याच्या घरी पगार आला त्याने मजूर लावले. सावड कोणी मोडली नाही. एका वर्षी कोणी कोणाला बोलावलं नाही, एवढंच झालं.

अठ्ठ्याहत्तर साली चंद्राबाईच्या गुडघ्यांनी दगा दिला. मालोजी आदल्या वर्षीच गेला होता. कर्जतला भिसेगावात एक डॉक्टरीणबाई आठवड्यातून एकदा मुंबईहून येते, हाडांचं बघते, असं कळलं. चंद्राबाई एकटी एसटीत चढू शकत नव्हती, म्हणून भागू सोबत. एकीला पाय उचलत नव्हता, दुसरीला दांडा धरता येत नव्हता. कंडक्टर म्हणाला, "मावशी, दोघी मिळून एक धड बाई होताय की!" चंद्राबाईने त्याला अशी शिवी दिली की पुढच्या थांब्यापर्यंत गाडी हसत होती.

डॉक्टरीणबाई तरुण होती, कुंकू लहान, आवाज मोठा. तिने चंद्राबाईचे गुडघे वाकवले, कान लावल्यासारखी मान तिरपी करून त्यांची कुरकुर ऐकली.

"आजी, झीज आहे. जन्मभर चिखलात वाकून काम केलंत ना?"

"केलं की. माझं केलं, दुसऱ्याचं बी केलं." चंद्राबाईने डोळ्याच्या कोपऱ्यातून भागूकडे पाहिलं.

तेवढ्यात चंद्राबाईला ठसका लागला. भागूने मेजावरचा पाण्याचा पेला उचलला, दोन्ही तळव्यांच्या मध्ये दाबून, बोटं न लावता. डॉक्टरीणबाई बोलायची थांबली.

"तुमचे हात बघू."

"माझं काय नाय. ह्यांनाच दाखवायला आणलंय."

"बघू तर." तिने हात घेतले. आणि पुन्हा तोच प्रश्न आला, बारा वर्षांमागचा. "सकाळी उठल्यावर आखडतात?"

"नाय," भागूच्या तोंडून निघालं. विचार करायची गरजच नव्हती, ते पाठ होतं. "सकाळी मी सगळ्यांच्या आधी..."

"खोटं!"

चंद्राबाई ठसका विसरली. इतक्या वर्षांत तिला पहिल्यांदाच कोणी शिकलेलं माणूस न्यायाला मिळालं होतं.

"खोटं सांगते ही, डागतरीणबाय! हिची सकाळच कवा झाली नाय. लग्नाला दोन वर्षं झाली आणि हिनं सुरू केलं. उजाडलं की हात लाकडं. मूठ मिटत नाय म्हणायची. आणि उनं वर आली की बघावं, आमाला कोणाला ऐकायची नाय!"

"दुपारी मोकळे व्हायचे?" डॉक्टरीणबाईने खुर्ची पुढे ओढली.

"व्हायचे म्हंजे? वारं! आणि दोन्ही हात एकदम हां. एक दुखतोय, एक धड, असं कवा नाय. ढोंग करणारं माणूस एखाद्या दिवशी एक हात विसरतं की नाय? ही नाय विसरली. आणि सांजचं अंग गरम. हात लावून बघितलंय मी. आणि बघा, पोटुशी व्हती तवा कसं सगळं पळालं? नऊ महिने नुसती हरणी! पोर झालं, पुना आपलं हायच."

ती दमली. आता निकाल लागेल म्हणून तिने पदर सावरला. डॉक्टरीणबाई तिच्याकडे एकटक बघत होती.

"आजी," ती म्हणाली, "हा आजार शिकवताना आम्हाला जे जे सांगतात, ते सगळं तुम्ही आत्ता सांगितलंत. एकही गोष्ट सुटली नाही."

"आजार?"

"आमवात म्हणतात याला. तुमच्या गुडघ्यांसारखा नाही. तुमचे सांधे झिजलेत. यांचे झिजले नाहीत, जळलेत. तुम्ही भाताची राखण करता ना? रानडुकरं येतात म्हणून?"

"करायचो. आमचे हे बसायचे माळ्यावर, गोफण घेऊन."

"रक्तातही तसे राखणे असतात. पांढऱ्या पेशी. बाहेरचं काही आत घुसलं, रोगाचे जंतू वगैरे, की त्या धावून जातात आणि मारतात. त्यांच्यामुळे आपण जगतो. पण एखाद्याच्या अंगात या राखण्यांची ओळख चुकते. अंधारात आपलाच बैल डुक्कर वाटावा तशी. का चुकते, ते आम्हालाही अजून पुरतं कळलेलं नाही. सांध्याला आतून एक मऊ अस्तर असतं, तेच त्यांना परकं वाटतं. एकाने हाळी दिली की बाकीचे धावतात. सांध्यात गर्दी होते, पाणी धरतं, सूज येते, आग होते. रात्रभर हात निजलेले असतात, ते पाणी तिथेच तुंबतं, म्हणून सकाळी लाकूड. हलवत राहिलं की निचरा होतो, म्हणून दुपारी मोकळं. आणि पोटात बाळ असताना शरीरच या राखण्यांना जरा दबवून ठेवतं, असं म्हणतात. बाळ निम्मं बापाचं, म्हणजे त्यांच्या लेखी परकंच की! त्याला धक्का लागू नये म्हणून. त्या दिवसांत सांध्यांनाही सुख मिळतं."



"म्हंजे," चंद्राबाई सावकाश म्हणाली, "आळस नव्हता?"

"नव्हता."

"थोडा बी?"

"थोडासुद्धा नाही, आजी."

पेल्यातलं पाणी संपलं होतं तरी चंद्राबाईने तो तोंडाला लावला.

डॉक्टरीणबाई भागूकडे वळली. "याआधी कोणाला दाखवलं नव्हतं?"

"दाखवलं व्हतं. कारखान्याच्या डागतरला."

"त्यांनी सकाळचं विचारलं नाही?"

भागू आपल्या हातांकडे बघत होती. दोन्ही मांडीवर पालथे पडलेले, एकाच अंगाला कललेले.

"विचारलं," ती म्हणाली.

"मग?"

"मी सांगितलं, सकाळचं काय नाय."

डॉक्टरीणबाई रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. तिने कललेल्या बोटांवर आपला हात ठेवला. "तेव्हा नुसती सूज असेल. हाड खाल्लं गेलं नसेल. तेव्हा आवरता आलं असतं. पुष्कळसं."

"आता?"

"वाकलंय ते सरळ नाही व्हायचं. पण मनगटं आहेत, खांदे आहेत, पाय आहेत. ते राखता येतील. मुंबईला माझ्या इस्पितळात या, रक्त तपासू. गोळ्या आहेत, सोन्याचं इंजेक्शन आहे."

"सोन्याचं?" चंद्राबाईला वाचा फुटली.

"अंगावर घालायला मिळालं नाय, जाऊबाई," भागू म्हणाली. "आता अंगात घालणार." आणि हसली. तिच्याशिवाय कोणी हसलं नाही.

कर्जत स्टँडवर खोपोलीची गाडी उशिरा होती. दोघी बाकावर बसल्या. चंद्राबाईने शेंगा घेतल्या, सोलून सोलून दाणे भागूच्या ओंजळीत टाकत राहिली. कधी नव्हे ते सोलून देत होती. मग म्हणाली, "त्या डागतरला खोटं का सांगितलंस?"

"तुमी दारात उभ्या व्हतात."

"मी? मी कुठं आलेली तवा?"

"आलेल्या नव्हतात. तरी व्हतात."

चंद्राबाईचा हात शेंगेवर थांबला. "माझे गुडघे कशानं गेले ठावं हाय ना तुला? तुझा अर्धा हात भरता भरता गेले."

"ठावं हाय."

"मला वाटायचं, तुझ्या आळसानं खाल्ले."

"मला पण तसंच वाटायचं," भागू म्हणाली.

गाडी आली, गेली. ती खोपोलीची नव्हती.

"गावात सांगेन मी," चंद्राबाई एकाएकी म्हणाली. "चारचौघींत सांगेन, भागू पुरा हात व्हती म्हणून."

"कोणाला सांगाल?"

चंद्राबाईने मनातल्या मनात गाव फिरून पाहिलं असावं. धोंडी म्हातारा जाऊन किती पावसाळे झाले. पारूबाई लेकाकडे कल्याणला गेली ती परत आली नाही. ज्या रांगेने हसून भागूला नाव ठेवलं, ती रांगच उरली नव्हती. ज्या बांधावर साडेतीन म्हटलं गेलं, तिथे आता वीटभट्टी होती. टरफलांचा ढीग तिने पायाने बाकाखाली लोटला.

संध्याकाळी भागूने सहदेवला सगळं सांगितलं. तो सायकलच्या चेनला तेल देत होता. ऐकता ऐकता पेडल फिरवत राहिला, फिरवत राहिला. चेनीला तेल कधीच पुरेसं झालं होतं.

"मी तुझ्या शेजारी बसलो व्हतो," शेवटी तो म्हणाला. "राखेत हात घातलेला मी बघितलेला. मला ठावं व्हतं गं." भागूने 'असू दे' म्हटलं नाही. म्हटलं असतं तर तेही पुन्हा खोटंच झालं असतं.

दुसऱ्या दिवशी ती सवयीने सगळ्यांच्या आधी जागी झाली. हात लाकडाचे. पायाने दार ढकलून ती चुलीकडे गेली, तर चूल आधीच पेटलेली. चंद्राबाई भिंतीला धरून उभी होती, एका गुडघ्यावर भार देऊन, आणि चुलीवर टोपात पाणी तापत होतं. निरगुडीचा वास भरला होता.

"बस," चंद्राबाई म्हणाली. "राखेत नको. टाक हात ह्याच्यात."

भागू बसली. चंद्राबाईने टोप उतरवून तिच्यापुढे ठेवला. वाकताना गुडघा कडकन वाजला, दोघींनीही ऐकला. भागूने हात पाण्यात सोडले. पाण्याखाली ती वाकडी बोटं आणखीच वाकडी दिसत होती. बिब्ब्याचे काळे डाग एकेका पेरावर तसेच होते. चंद्राबाई त्या डागांकडे बघत राहिली, आणि मग बाहेर बघू लागली. खाचरांवर उजाडत होतं.

"मिटते का मूठ?"

भागूने पाण्यातल्या पाण्यात प्रयत्न केला. "नाय अजून."

"ऱ्हाऊ दे," चंद्राबाई म्हणाली. "सावकाश होऊ दे. आता कोणाच्या सावडीला जायचंय आपल्याला?"